झेरॉक्सची पिशवी

पोस्टात एकतीस वर्षं काढली मी, त्यातली बरीचशी रजिस्टरच्या खिडकीवर. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय, साधं पत्र एक वेळ हरवलं तर हरवलं, पण रजिस्टर पत्र हरवून चालत नाही. माझ्या हातून ते सॉर्टिंगला गेलं की तिथला माणूस सही करणार, बॅगेत पडलं की यादीत नंबर चढणार, पोस्टमनने नेलं की त्याची सही, ज्याच्या नावाचं त्याने घेतलं की त्याची सही, आणि शेवटी पोचपावती पाठवणाऱ्याच्या घरी. मधे गहाळ झालंच तर शेवटची सही कोणाची ते बघायचं, की सापडला माणूस. (२०२५ मध्ये ते रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं, पण त्यावर बोलायला लागले तर हा लेख राहील बाजूला.)

हे आठवायचं कारण आमच्या वरच्या मजल्यावरची सविता. नाव बदललंय. गावाचं नावही सांगत नाही, जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं पुरे.

वरून आवाज यायचे. दोन वर्षं यायचे. भांडं पडल्याचा, मग काहीतरी जड सरकल्याचा, मग एकदम शांत. मी काय करायचे तर टीव्हीचा आवाज वाढवायचे. हे लिहायला लाज वाटतेय पण लिहिते, कारण पुढं मी सगळ्या ऑफिसांना नावं ठेवणार आहे आणि पहिलं बंद टेबल माझंच होतं. सकाळी जिन्यात भेटली की ‘काय गं, बरंय ना’, आणि ती ‘हो काकू’. संपलं.

२०२४ चे गणपती नुकतेच गेले होते. रात्री साडेअकराला बेल वाजली, दारात सविता अनवाणी आणि तिच्यामागं मुलगा, चौथीतला, शाळेचं दप्तर पाठीला. त्याने दप्तर का घेतलं असेल हे मला अजून कळलेलं नाही. मी ११२ ला फोन केला, वीसेक मिनिटांत पोलिसांची गाडी आली, दोन पोलीस वर गेले, खाली आले आणि म्हणाले घरगुती मॅटर आहे, आता समज दिलीय, सकाळी बाईंना ठाण्यात घेऊन या. वाईट नव्हते हो ते, एकाने तर मुलाला नाव विचारलं, इयत्ता विचारली. पण गाडी निघून गेली आणि ते जे काही वर बघून आले ते त्यांच्याबरोबरच गेलं, कारण सकाळी ठाण्यात ड्युटी बदललेली होती आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. कधी लग्न झालं, कधीपासून मारतो, काल कशाने मारलं. तेव्हा वाटलं एकदा सांगून सुटेल बिचारी.

पुढच्या तीन आठवड्यांत तिने तेच सहा वेळा सांगितलं. मी मोजलंय, खिडकीवरची सवय.

ठाण्यात एनसी घेतली, म्हणजे अदखलपात्र, जिच्यात पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पुढं कळलं की नवऱ्याकडून, सासरकडून होणारा छळ दखलपात्र आहे, जुनं ४९८अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. आणि हेही कळलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तक्रार ज्या पोलिसाकडे येईल त्याने बाईला तिथल्या तिथं सांगायचं असतं, की तुला कोर्टाकडून संरक्षण मागता येतं, संरक्षण अधिकारी असतो, फुकट वकील मिळतो, आणि फौजदारी तक्रारही वेगळी करता येते. आम्हाला सांगितलं ते असं, की आधी मेडिकल करून या. हातात मेडिकल यादी, म्हणजे दवाखान्याला द्यायचं पोलिसांचं पत्र, दिली आणि आम्ही रिक्षाने सिव्हिलला.

सिव्हिलला केस पेपर काढला, आत तरुण डॉक्टर, रात्रभर जागलेला असावा, मान वर न करता म्हणाला काय झालं. आणि सविता म्हणाली, जिन्यात पाय घसरला. पोलिसांची यादी हातात, मी शेजारी उभी, तरी. सवय हो! याआधी तीनदा ती अशीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊन जिन्यातून, बाथरूममध्ये, स्टुलावरून पडली होती. डॉक्टरने ‘पडल्याने इजा’ लिहायला घेतलंसुद्धा. तिथं एक वयस्कर सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सविताची बाही वर केली आणि डॉक्टरला म्हणाल्या, सर, जिन्यावरून पडल्यावर दंडाला चार बोटं उमटत नाहीत. मग बाहेरच्या बाकावर सविताच्या शेजारी बसल्या, पाच मिनिटं नुसत्या बसल्या, आणि आत जाऊन डॉक्टरकडून पेपरवर नवऱ्याने मारल्याचं लिहून घेतलं, एमएलसी, म्हणजे पोलीस केस असल्याची दवाखान्यातली नोंद, तिचा नंबर टाकून घेतला. कोर्टात पुढं जे काही थोडंफार चाललं ते त्या एका ओळीवर चाललं.

त्यानंतर सिस्टरनी जे केलं ते मला या लेखात खरं म्हणजे सांगायचं होतं. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, आवारातल्याच सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला, फोन लावला आणि म्हणाल्या, ‘मी पाठवतेय, बसवून घे, चहा पाज आधी.’ आणि दहा मिनिटांनी परत फोन करून विचारलं, पोचली का?

पोचपावती!

घरी येऊन मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. तेव्हा समजलं की हॉस्पिटलात बाईला ओळखायचं आणि तिथूनच हाताला धरून पुढं न्यायचं ही कल्पना आपल्याकडे मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सुरू झाली, साधारण २००० साली, महापालिका आणि सेहत नावाची संशोधन करणारी संस्था यांनी मिळून. नाव दिलासा. विचार अगदी साधा, की पोलिसांत जायला शंभरातल्या नव्व्याण्णव जणी धजणार नाहीत पण डोकं फुटल्यावर टाके घालायला तर यावंच लागेल, उंदराचं औषध ‘चुकून’ प्यायलेली बाई वॉर्डात तर दाखल होणारच. मग तिथल्याच नर्स-डॉक्टरांना शिकवायचं की ‘चुकून’ म्हणजे काय, आणि तिथंच एक खोली ठेवायची. आमच्या सिस्टरांना दिलासाचं नाव माहीत होतं की नाही कोण जाणे. पण कोणीतरी कधीतरी त्यांना शिकवलं असणार, किंवा त्या आपल्या आपणच शिकल्या असतील, तीस वर्षं चार बोटांचे वळ बघून.

तशीच पोलिसांच्या बाजूची गोष्ट. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, आपल्या टिसने, मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या ऑफिसात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला. समाजकार्य शिकलेल्या बायका, पोलीस नव्हेत, पण बसणार पोलिसांच्या इमारतीत. मला हे फार हुशारीचं वाटतं. कारण नवरा संस्थेच्या पत्राला केराची टोपली दाखवतो, पण पत्ता पोलिसांचा असला की इस्त्रीचा शर्ट घालून येतो. आणि बाईला मात्र समोर खाकी दिसत नाही, तिच्यासारखीच साडीतली, ड्रेसमधली बाई दिसते. एकाच जागेत दोघांची ताकद. आज राज्यात बऱ्याच ठिकाणी असे कक्ष आहेत.

आता आमच्या गावचं ऐका.

सखीच्या खोलीत दोन कॉट, एक समुपदेशक मुलगी, एक केसवर्कर. केंद्र सरकारची ही योजना एप्रिल २०१५ ची, एका छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. छत होतं, बाकीचे लोक फोनवर होते. पण ती समुपदेशक मुलगी जीव लावून काम करणारी. अडचण वेगळीच आली, मुलगा नऊ वर्षांचा आणि तिथं आम्हाला सांगितलेला नियम असा की आठ वर्षांपर्यंतचेच मुलगे आईबरोबर राहू शकतात, मुलींना वयाची अट नाही. म्हणजे सविता तिथं आणि पोरगं माझ्याकडे. दोन रात्री तो माझ्या दिवाणावर झोपला, झोपला म्हणजे पडून राहिला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शाळेत सोडला, कारण मला वाटलं शाळेत गेला की जरा विसरेल. संध्याकाळी म्हणाला, मॅडमनी वर्गाबाहेर उभं केलं. का रे? गृहपाठ केला नव्हता.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये एका शाळेत ऑफिसात काम करते, तिला फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, आमच्याकडे असं झालं की पोलीस शाळेला कळवतात. मला वाटलं तक्रार वगैरे. नाही म्हणे, नुसतं कळवतात, शाळा भरायच्या आत, की काल रात्री या मुलाच्या घरी आम्ही गेलो होतो. ऑपरेशन एनकम्पास नाव, प्लिमथला २०११ मध्ये सुरू झालं, एक मुख्याध्यापिका आणि तिचा पोलीस नवरा यांच्या डोक्यातून. मग शाळेतली एक ठरलेली व्यक्ती त्या दिवशी त्या मुलावर लक्ष ठेवते, बास. गृहपाठ विचारत नाहीत. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॅन्सी ड्रेसला फेटा कुठं मिळेल यावर ऐंशी मेसेज होते त्या आठवड्यात.

अर्थात लगेच मनात दुसरंही आलं. आमच्या गावात शाळेला सकाळी कळवलं तर संध्याकाळपर्यंत ब्यूटी पार्लरला कळेल. एका ऑफिसने दुसऱ्याला सांगायचं हे ऐकायला छान वाटतं, पण सविताच्या नवऱ्याचा चुलतभाऊ एका सरकारी ऑफिसात कारकून आहे, आणि पुढची तारीख कधी, तिने अर्जात काय लिहिलं, हे कितीदा तरी तिच्या आधी नवऱ्याला माहीत असायचं. म्हणजे माहिती फिरत नव्हती असं नाही, नको तिकडे मात्र अगदी बिनतिकीट फिरत होती. रजिस्टर पत्राला पाकीट असतं आणि ते चिकटवलेलं असतं, हे पण सांगायला पाहिजे.

तर पिशवी. सखीतल्या मुलीने सांगितलं सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, म्हणून मी लग्नात मिळालेली एक कापडी पिशवी दिली. त्यात एनसीची कॉपी, केस पेपर, एमएलसीचा कागद, लग्नाची पत्रिका आणि फोटो, कारण विवाह नोंदणी केलेली नव्हती, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स जे सासऱ्यांच्या नावावर, मुलाचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक. ही पिशवी घेऊन ती ठाण्यातून सिव्हिल, सिव्हिलमधून सखी, सखीतून महिला व बालविकासच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर, तिथून कोर्टाच्या आवारात, फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि परत ठाण्यात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, कागद आणलेत का. म्हणजे यंत्रणा एकमेकींशी बोलत होत्या, पण सविताच्या तोंडाने आणि माझ्या पिशवीतून. अर्धा दिवस पगार कापून. ती लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करायची, चार रजा झाल्यावर तिथले साहेब कुरकुर करायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर संरक्षण अधिकारी. हे पद म्हणजे या कायद्याचा कणा आहे असं माझं मत झालंय. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि त्यात कलम ९ मध्ये या अधिकाऱ्याची कामं लिहिलीत, ती वाचून मी थक्कच झाले. घटनेचा अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, तो तयार करून मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा आणि त्याची कॉपी पोलीस ठाण्याला पाठवायची. बाईला फुकट वकील मिळतोय ना बघायचं. राहायची सोय लावायची. वैद्यकीय तपासणी करवून रिपोर्ट कोर्टाला आणि ठाण्याला पोचवायचा. कोर्टाने पैसे द्यायला सांगितले तर ते मिळतायत का बघायचं. म्हणजे सविता जी पिशवी घेऊन फिरत होती ती कायद्याने या अधिकाऱ्याची पिशवी आहे! पण बऱ्याच ठिकाणी हा माणूस मुळात दुसऱ्याच कामाचा आणि हे वरून अतिरिक्त कार्यभार. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना बजावावं लागलं की बाबांनो जिल्ह्यात आणि तालुक्यात संरक्षण अधिकारी नेमा. कायदा होऊन वीस वर्षं होत आली तेव्हा.

आमच्या मॅडम दोनदा मीटिंगला होत्या. तिसऱ्यांदा भेटल्या आणि भेटल्या तेव्हा मात्र दोन तास बसल्या. डीआयआरच्या फॉर्ममध्ये मारहाण, लैंगिक, बोलून-टोचून केलेला छळ आणि आर्थिक असे सगळे रकाने असतात. आर्थिकला सविता म्हणाली, नाही तसं काही नाही. मॅडमनी विचारलं पगार कुठं जमा होतो? माझ्या खात्यात. कार्ड कोणाकडे? ह्यांच्याकडे. पिन? ह्यांनाच माहितीय. मॅडमनी काही न बोलता टिक केली. सविता त्या टिककडे बघत बसली होती. रिक्षात मला म्हणाली, काकू, ते पण त्यात येतं?

अर्ज कोर्टात गेला. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत. आम्हाला पहिली तारीख पाच आठवड्यांनी. त्या तारखेला कळलं नोटीस बजावलीच गेली नाही, शेरा ‘घर बंद’. आता हा शेरा मी माझ्या आयुष्यात हजारो पाकिटांवर बघितलाय, त्यातले किती खरे आणि किती उन्हाचा चौथा मजला चढायचा कंटाळा, मला शिकवू नका. सविताचा नवरा रोज सकाळी माझ्या दारावरून दूध घेऊन वर जात होता.

आणि मधल्या काळात झाला तो खरा घोळ. एनसीची कॉपी कुठून तरी फिरत पोलिसांकडच्या समुपदेशनाच्या टेबलवर गेली होती, तिथून दोघांना बोलावणं आलं. सविताला वाटलं हेही त्याच केसचं, म्हणून गेली. तिथं एक गृहस्थ, एक बाई. मुलाकडे बघा, संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतं, एक संधी द्या. कागद तयार झाला, त्याने हात उचलायचा नाही आणि तिने उलट बोलायचं नाही, दोघांच्या सह्या. उलट बोलणं आणि मारणं एकाच कागदावर, समोरासमोर, जसं काही एकाच किमतीचं. या कायद्याखाली कोर्टाने सांगून जे समुपदेशन होतं त्यात तर नवऱ्याला आपल्या मारण्याचं समर्थनसुद्धा करू द्यायचं नाही असं २००६ च्या नियमांत आहे. पण हे टेबल वेगळं, त्यांना डीआयआर गेलाय हे माहीतच नव्हतं. विचारलं नाही, आणि सविताने सांगितलं नाही कारण तिला वाटलं त्यांना माहीत असणारच, सरकार एकच ना. दोन महिन्यांनी नवऱ्याच्या वकिलाने तोच कागद कोर्टात दाखल केला, की बघा साहेब, मिटलंय. एका सरकारी टेबलाने दिलेला कागद दुसऱ्या सरकारी टेबलावर तिच्याविरुद्ध. मी बाहेर बाकावर बसून होते, मला रडू आलं, सविताला नाही आलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते की लग्न झालेल्या साधारण दर दहा जणींतल्या तिघींनी नवऱ्याकडून काही ना काही हिंसा सोसलीय, आणि हिंसा सोसलेल्यांतल्या फक्त १४ टक्के जणींनी कुठंतरी मदत मागितली. कुठंतरी म्हणजे बहुतेक वेळा आई, भाऊ, मैत्रीण. ऑफिसपर्यंत येणाऱ्या तर त्यातल्याही थोड्या. मला वाटायचं बाकीच्या घाबरतात. आता वाटतं त्यातल्या काहींनी कोणाची तरी पिशवी बघितली असेल.

सात महिन्यांनी अंतरिम आदेश झाला. तोवर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे, दोन खोल्यांत सात माणसं. सासूचं म्हणणं घर माझ्या नावावर, मुलगा माझा, सून कोण? डिसेंबर २००६ च्या एका निकालामुळे असं म्हणणाऱ्यांचं बरंच चालायचं, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सुनेला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. विधी सेवातून मिळालेली वकील मुलगी जेमतेम सत्तावीस वर्षांची, तिने तो निकाल काढून दिला. फुकटचा वकील म्हणजे कसा असेल अशी मला धाकधूक होती, तर उलट निघालं. बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो हे गावात किती जणींना माहिती आहे हा प्रश्नच आहे.

आदेश घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले आमच्याकडे आदेशाची प्रत आलेली नाही. कायद्याचं कलम २४ म्हणतं कोर्टाने आदेशाची प्रत फुकट द्यायची, पक्षकारांना आणि ठाण्यालाही. मी काही बोलले नाही, पिशवीतून झेरॉक्स काढून दिली. त्यांनी घेतली. मी म्हटलं, मिळाली म्हणून सही द्या. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं साहेब, पोस्टात होते. हसले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून सही दिली. त्या संध्याकाळी एक महिला पोलीस आमच्याबरोबर वरपर्यंत आली, दार उघडलं गेलं, आतली एक खोली सविताची झाली. एवढ्याला सुख म्हणायचं का ते मला विचारू नका. रात्री वरून आवाज येत नाही, त्याने कबूल केलंय असं नाही, पण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते हे त्याला त्याच्या वकिलाने सांगितलंय असं दिसतं. एटीएम कार्ड तिने नवीन काढून घेतलं. मूळ केस चालू आहे, पुढची तारीख आहेच.

मुलाच्या शाळेत मी स्वतःच गेले होते मधे. वर्गशिक्षिका चांगल्या निघाल्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, म्हणाल्या, अहो आधी कुणीतरी सांगायचं ना.

मागच्या आठवड्यात सखीतून फोन आला. ती जुनी समुपदेशक मुलगी सोडून गेली, कंत्राट संपलं, आता नवीन आलीय, आवाजावरून अगदीच लहान वाटली. म्हणाली, काकू, तुमचा नंबर फाईलवर लिहिलेला होता म्हणून केला, सविता मॅडमच्या डीआयआरची कॉपी कोर्टाने परत मागितलीय, आमच्याकडची सापडत नाहीये आणि त्या लॅबमध्ये आहेत, फोन उचलत नाहीत, तुमच्याकडे असेल का हो एखादी?

होती. माळ्यावर, फराळाच्या डब्यांच्या मागं, तीन प्रती.